सम्राटाला पाऊस पाडता यायचा का?

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीत गुरुजी कुठे गेले होते, हे आता साऱ्या गावाला ठाऊक झाले आहे. माझा भाचा चीनमध्ये बीजिंग शहरी शिकायला आहे. "मामा, माझं शिक्षण संपायच्या आत एकदा येऊन जा," असा त्याचा दोन वर्षे आग्रह चालला होता. शेवटी यंदा गेलो.

परत आल्यावर परिपाठाच्या वेळी मी तुम्हांला तिथल्या एका देवळाची हकिगत सांगितली. चांगले पीक यावे म्हणून त्या देवळात चीनचा सम्राट स्वतः प्रार्थना करीत असे, असे मी म्हणालो. तेव्हा चौथीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, मग त्या राजाला पाऊस पाडता यायचा का?"

सगळे हसले. मी हसलो नाही. त्याच्या घरचे सोयाबीन यंदा कसे करपले, ते मी पाहिले आहे. प्रश्न चांगला होता, पण घंटा होण्याआधीच्या दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा नव्हता. म्हणून हा लेख भित्तिपत्रकावर लावला आहे. सावकाश वाचा. मधल्या सुट्टीत गर्दी करू नका. लहानांना पुढे उभे राहू द्या.

आकाशाचे देऊळ

प्रथम वर्गातल्या नकाशात चीन शोधा. त्याच्या ईशान्येकडच्या भागात बीजिंग सापडेल. ही चीनची राजधानी. आजोबांच्या वेळच्या पुस्तकात तिला पेकिंग म्हटलेले असेल.

सकाळी सातला आम्ही बाहेर पडलो. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. जमिनीखालून धावणाऱ्या आगगाडीने आम्ही थिएनथान येथे पोचलो. थिएनथान म्हणजे आकाशाची वेदी. नुसते देऊळ म्हटले तर तुमच्या डोळ्यांपुढे गाभारा, कळस आणि ओवरी येईल. हे तसे नाही. इथे देवाची मूर्ती नाही. आकाश हाच देव! आवाराचे क्षेत्र २७३ हेक्टर, म्हणजे जवळजवळ पावणेसातशे एकर. आत सुरूसारखी दिसणारी हजारो जुनी झाडे आहेत. त्यांतली काही शेकडो वर्षांची आहेत.

योंगल नावाच्या सम्राटाने १४२० साली हे बांधून पुरे केले. त्या काळचे चिनी लोक समजत की आकाश गोल आहे आणि पृथ्वी चौकोनी आहे. म्हणून मुख्य मंदिर गोल, आणि छपराची कौले निळीशार. आवाराची भिंतसुद्धा उत्तरेला गोलाकार आणि दक्षिणेला चौकोनी ठेवली आहे.

मुख्य मंदिराचे नाव 'सुगीच्या प्रार्थनेचे मंदिर'. उंची ३८ मीटर. एकावर एक तीन गोल छपरे, खाली तीन पायऱ्यांचा पांढऱ्या संगमरवराचा चौथरा. सगळे काम लाकडाचे. पण त्यात खिळा नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून सारा सांगाडा उभा केला आहे. १८८९ साली वीज पडून हे मंदिर जळाले. मग जुन्याच नमुन्यावर ते पुन्हा उभारले आणि १८९६ साली काम पुरे झाले. आज दिसते ते हेच.

आता खांब मोजा. मधोमध ४ मोठे खांब, ते चार ऋतूंचे. त्यांच्याभोवती १२, ते बारा महिन्यांचे. बाहेरच्या रांगेत आणखी १२, ते दिवसाच्या बारा प्रहरांचे. चिनी लोकांचा एक प्रहर दोन तासांचा असे. या दोन्ही रांगांची बेरीज २४, आणि मधले ४ धरून एकूण २८.

हा २४ आणि २८ चा हिशेब ऐकला आणि मला घरचीच आठवण झाली. चिनी शेतकरी सूर्याच्या चालीवरून वर्षाचे २४ भाग पाडतात. एका भागाचे नाव 'किडे जागे होतात', एकाचे 'धान्याचा पाऊस', एकाचे 'पांढरे दव'. आपल्याकडे नाही का, मृग लागला की पेरणीची गडबड, आर्द्रा कोरड्या गेल्या की काळजी? आणि २८ हे चंद्राच्या वाटेवरचे मुक्काम. आपली नक्षत्रे २७, अभिजित धरले तर २८. इतक्या लांबचा शेतकरी आणि आपला शेतकरी, दोघेही एकाच आकाशाकडे पाहून नांगर धरत होते.

वाकणारा सम्राट

सम्राटाला चीनमध्ये 'आकाशाचा पुत्र' म्हणत. त्याच्यासमोर प्रधान असो की सेनापती, प्रत्येकाने जमिनीला कपाळ टेकायचे. पण वर्षातून ठरलेल्या दिवशी हा सम्राट थिएनथानला येई. आधी तीन दिवस व्रत पाळायचे. मांस नाही, मद्य नाही, गाणे-बजावणे नाही. त्यासाठी आवारात वेगळा उपवास महाल आहे. डिसेंबरात सर्वांत मोठी रात्र असते, तेव्हा दक्षिणेकडच्या उघड्या गोल वेदीवर आकाशाची पूजा. पुढे चिनी वर्षाच्या पहिल्या महिन्यात सुगीच्या मंदिरात पिकासाठी प्रार्थना. तिथे हा सम्राट स्वतः गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावी.

यात एक गंमत आहे. मिरवणूक निघाली की रस्त्यावरची दारे-खिडक्या बंद ठेवायचा हुकूम असे. ज्यांच्या पिकासाठी एवढी पूजा, त्या लोकांनी ती पाहायची नाही!

पण सम्राटालाही धाक होता. पाऊस आला नाही, पीक बुडाले, तर लोक म्हणत, "आकाश ह्याच्यावर रागावलंय. ह्याचा हक्क संपला." काही राजघराणी दुष्काळानंतरच्या बंडांत बुडाली आहेत. म्हणजे सम्राटाचे आसनही शेवटी कणसावर टेकलेले होते.

त्या गोल वेदीवर आम्ही गेलो. मधोमध एक गोल दगड आहे. त्याच्याभोवती ९ फरशा, त्यापुढच्या वर्तुळात १८, त्यापुढे २७. असे करत नवव्या वर्तुळात ८१ फरशा. नऊ हा आकडा चिनी लोक सर्वांत मोठा मानीत, म्हणून सगळा नवाचा पाढा! मी तिथे उभा राहून पाढा म्हणत वर्तुळे मोजली. भाचा म्हणाला, "मामा, इथे तरी शाळा सोडा." पण माझा हिशेब बरोबर आला. वरच्या थरावरच्या फरशा किती होतात, ते तुम्ही काढा. उत्तर शेवटी दिले आहे. आधी बघायचे नाही.

या देवळाची एक गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. १९०० साली आठ परक्या देशांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या. त्यांत इंग्रजांची फौज होती आणि तिच्यात आपल्याकडचे शिपाई होते. त्यांची छावणी ह्याच थिएनथानच्या आवारात पडली होती. त्या वेळच्या लुटीत इथली एक घंटा भारतात आली. ती जवळजवळ शंभर वर्षे आपल्याकडे होती. १९९५ साली भारताने ती चीनला परत केली. घेतलेली वस्तू परत करायला उशीर झाला, तरी परत करणे चांगलेच.

पाण्याने लिहिणारे आजोबा

चीनमध्ये १९१२ साली सम्राटांचे राज्य संपले आणि १९१८ पासून थिएनथान सर्वांना खुले झाले. ज्या आवाराजवळून मिरवणूक जाताना खिडकी उघडायची बंदी होती, तिथे आज शहरातले म्हातारे लोक रोज सकाळी येतात. कोणी हातपाय हलवून व्यायाम करतात, कोणी पत्ते खेळतात, कोणी कोंडाळे करून गातात. आजीबाई सुया घेऊन लोकर विणत बसतात.

एक आजोबा मात्र एकटेच होते. त्यांच्या हातात कमरेएवढ्या काठीला बांधलेला स्पंजाचा कुंचला होता आणि बाजूला पाण्याचा डबा. कुंचला बुडवून ते फरशीवर मोठमोठी चिनी अक्षरे लिहीत होते. पाचवे अक्षर लिहून होईपर्यंत पहिले वाळायला लागे. ते परत पहिल्यापासून लिहीत.

मी भाच्याला म्हणालो, "विचार त्यांना, पुसून जातं तर का लिहितात?"

आजोबा हसून म्हणाले, "पुसलं जातं म्हणून तर जागा पुन्हा मिळते."

मला आपल्या दगडी पाटीची आठवण आली. मी शिक्षक आहे हे कळल्यावर त्यांनी कुंचला माझ्या हातात दिला. काय लिहावे? त्या वेळी डोक्यात गावच होते. मी लिहिले, 'पाऊस'. त्यांनी अर्थ विचारला. भाच्याने सांगितला. मग त्यांनी माझ्या शब्दाशेजारी त्यांचे अक्षर काढले. वर एक आडवी रेघ, तिच्याखाली खालून उघडी चौकट, मधून एक उभी रेघ, आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन थेंब. वाचायचे 'यू'. पाहताच कळते की छपरावरून पाणी ठिबकते आहे. दोन्ही पाऊस शेजारी शेजारी होते आणि दोन्ही हळूहळू वाळले.

चार लिप्यांची पाटी

तिथून पुन्हा आगगाडीने आम्ही योंगहगोंग या बौद्ध विहारात गेलो. हे १६९४ साली एका राजपुत्राचा वाडा म्हणून बांधले होते. तो पुढे सम्राट झाला. १७४४ साली वाड्याचा विहार झाला. इथे तिबेटी पद्धतीचे भिक्षू, म्हणजे लामा, राहतात. उदबत्त्यांचा धूर आणि लोकांची रांग पाहून थेट आपल्याकडची जत्रा आठवली.

शेवटच्या मंदिरात मैत्रेय बुद्धाची उभी मूर्ती आहे. जमिनीच्या वर १८ मीटर आणि जमिनीखाली आणखी ८ मीटर, आणि ती चंदनाच्या एकाच खोडातून कोरलेली आहे. मान इतकी मागे न्यावी लागते की टोपी पडते. माझी पडली!

पण मला जास्त आवडली ती दारावरची पाटी. तिच्यावर एकच नाव चार लिप्यांत लिहिले आहे : चिनी, मांचू, मंगोल आणि तिबेटी. राज्यात चार तऱ्हेची माणसे, तर प्रत्येकाला आपल्या अक्षरांत वाचता यावे. त्यांतली तिबेटी लिपी आपल्या देवनागरीची लांबची बहीण आहे. दोघींचे मूळ जुन्या भारतीय लिपीत आहे. तिला आपल्या मात्रेसारखी खूण डोक्यावर असते. वाचता काही आले नाही, पण परक्या गावात नात्यातले माणूस दिसावे तसे वाटले.

बाग आणि दगडाची नाव

दुपारी बसून डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या आणि यिहयुआन या बागेत गेलो. लोक हिला उन्हाळी राजवाडाही म्हणतात. क्षेत्र सुमारे २९० हेक्टर. त्यात तीन चतुर्थांश पाणीच. छिएनलुंग या सम्राटाने १७५० साली आपल्या आईच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त ही बाग करायला घेतली. तिथले जुने तळे खोदून मोठे केले आणि निघालेली माती टेकडीवर चढवली. तळ्याचा उपयोग राजधानीच्या पाण्यासाठीही होत असे.

१८६० साली इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी ही बाग जाळली.

तळ्याकाठी ७२८ मीटर लांबीची छप्पर असलेली वाट आहे. तिच्या तुळयांवर हजारो चित्रे रंगवली आहेत. चालता चालता भाचा एका चित्रापाशी थांबला. चित्रात एक भिक्षू, त्याच्याबरोबर एक वानर. "मामा, हा भिक्षू ओळखा." मला ओळखता आला नाही. तो ह्युएन त्संग निघाला! इतिहासाच्या पुस्तकातला आपला चिनी प्रवासी. सातव्या शतकात तो बौद्ध ग्रंथ शोधायला भारतात आला, पुलकेशीच्या राज्यात महाराष्ट्रातही आला. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे त्याच्या प्रवासावर चीनमध्ये एक मोठी अद्भुत कादंबरी झाली. त्यात वानर त्याचा सोबती आहे. ते प्रसंग इथे रंगवले आहेत.

वाट संपते तिथे पाण्याच्या काठाला एक नाव दिसते. लांबी ३६ मीटर. तिचा खालचा भाग दगडाचा आहे, आणि वरचा मजला लाकडाचा, पण संगमरवरासारखा रंगवलेला. अर्थात ही नाव कधीच चालली नाही. तिची हकिगत नीट ऐका, कारण त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथूनच सुरू होते.

१८६१ पासून पुढे चीनचा कारभार प्रामुख्याने त्सुशी नावाच्या राजमातेच्या हाती होता. गादीवर लहान मुलगा, आणि ही पडद्याआड बसून राज्य चालवी. १८८०च्या पुढे तिने ही जळलेली बाग पुन्हा उभारायला घेतली. पैसा कुठून आणायचा? आरमारासाठी म्हणून ठेवलेला पैसा इकडे वळवला गेला. नेमका किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत; पण वळवला हे खरे. १८९३ साली ह्या दगडी नावेचा वरचा मजला नवा केला. १८९४ साली जपानशी युद्ध झाले. १८९५च्या फेब्रुवारीत चीनचे उत्तरेचे आरमार संपले. हरण्याला दुसरीही कारणे होती. पण लढणारी जहाजे गेली आणि दगडाची नाव तेवढी काठाला राहिली, ही गोष्ट चिनी लोक अजून विसरलेले नाहीत.

आता प्रश्नाचे उत्तर

मुलांनो, सम्राटाला पाऊस पाडता येत नव्हता. तीन दिवस उपास करूनही नाही. पण गोष्ट इथे संपत नाही.

१७४३ साली बीजिंगच्या आसपास फार मोठे अवर्षण पडले. तेव्हा छिएनलुंग हाच सम्राट होता. त्या काळी चीनमध्ये सरकारी धान्यकोठारांची व्यवस्था होती. पीक चांगले आले की धान्य घेऊन साठवायचे, वाईट वर्षी बाहेर काढायचे. ती कोठारे तेव्हा भरलेली होती. सरकारने लाखो लोकांना कित्येक महिने धान्य पुरवले. पाऊस नव्हता, पण मोठा अनर्थ टळला.

पुढे १८७६ ते १८७९ या वर्षांत उत्तर चीनमध्ये पुन्हा पाऊस रुसला. प्रार्थनेचे मंदिर तेच होते आणि प्रार्थनाही तीच होती. पण मधल्या काळात युद्धे, बंडे आणि गैरकारभार होऊन कोठारे रिकामी पडली होती. त्या दुष्काळात सुमारे एक कोटी माणसे गेली असा अंदाज आहे. आणि लक्षात ठेवा, १८७६ ते १८७८ याच वर्षांत आपल्या दख्खनमध्येही भयंकर दुष्काळ पडला आणि लाखो माणसे मेली. इथे इंग्रजांचे राज्य होते. दोन्हीकडे पाऊस रुसण्यामागे एक मोठे कारण समुद्रात होते. त्या वेळी प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा फार तापले होते. याला एल निनो म्हणतात. बिचाऱ्या शेतकऱ्याला, आणि सम्राटालाही, हे कुठून कळणार?

आणि त्या दुष्काळानंतर दहाच वर्षांत त्सुशीची बाग सजत होती.

तर मुलांनो, पाऊस कोणत्याच राजाच्या हातात नव्हता. कोठार मात्र त्याच्या हातात होते. ज्या कामासाठी पैसा ठेवला त्याच कामाला तो लावणेही त्याच्या हातात होते. आपल्या गावातही तसेच आहे. ढग आपल्या हातात नाहीत. पण बांध घालणे, पडेल ते पाणी अडवणे, बियाणे जपून ठेवणे, आणि गावासाठी आलेला पैसा कुठे गेला ते विचारणे आपल्या हातात आहे. हे विचारायला हिशेब यावा लागतो. म्हणून गणिताच्या तासाला लक्ष द्या म्हणतो, दुसरे काही नाही.

संध्याकाळी सतरा कमानींच्या पुलावर बसलो. कठड्यावर दगडी सिंह आहेत, पाचशेच्या वर, प्रत्येकाचा चेहरा निराळा. शेजारी एक कुटुंब नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते. १९२४ पासून ही बाग सार्वजनिक आहे. सूर्य टेकडीआड गेला, थंडी वाढली. भाचा म्हणाला, "मामा, चला, चहा घेऊ." मी म्हणालो, "चल. पण आधी मला त्या वेदीची बेरीज पुन्हा एकदा करू दे."

करून पाहा

१. ९, १८, २७ असे ८१ पर्यंत लिहून बेरीज करा. मधला दगड धरू नका. (उत्तर : ४०५)

२. मैदानावर खडे मांडून पहिली तीन वर्तुळे करा. खडे किती लागले?

३. मृगापासून हस्तापर्यंत पावसाची नक्षत्रे घरच्या मोठ्यांना विचारून क्रमाने लिहून आणा. प्रत्येकाबद्दल एक म्हणही विचारा.

४. शनिवारी डब्यात पाणी आणि एक जुना कुंचला आणा. व्हरांड्याच्या फरशीवर आपण पाण्याने अक्षरे गिरवू. वही लागत नाही, खडू लागत नाही. पहिला शब्द कोणता लिहायचा, ते तो प्रश्न विचारणारा मुलगा सांगेल.